उभा फोटो

“हिचे पाय कुठं ठेवू, तनुजाताई?” माऊसवरचा हात न काढता गजालानं विचारलं.

अधीक्षिका तनुजाताई दारातूनच वाकून पडद्याकडे बघत होत्या. पडद्यावर एक बाई कडुनिंबाखाली उभी होती. डोकं भादरलेलं, गाल आत गेलेले, नजर कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठंतरी. एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाचा तळवा तिनं पोटरीला टेकवला होता आणि पदराचं टोक मुठीत धरलं होतं. फोटो उंच होता आणि वेबसाइटवरची चौकट बुटकी.

“पाय कशाला पाहिजेत?” तनुजाताई म्हणाल्या. “माणसं चेहऱ्यावरनंच ओळखतात. चेहरा घ्या मोठा करून.”

“मी पण तेच म्हणत होते.”

गजालानं गळ्याखाली रेघ धरली. हात, पदर, पाय, झाडाचं खोड सगळं गेलं. चेहऱ्यानं चौकट काठोकाठ भरली. खाली तिनं टाइप केलं: शांता, हे नाव संस्थेनं ठेवलेलं. वय अंदाजे पन्नास. बोलत नाही. रेल्वे स्टेशनवर आढळली.

संस्था पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला होती. घर सुटलेल्या, भान हरवलेल्या बायकांना पोलीस तिथं आणून सोडत. कुणी बसस्टँडवर सापडलेली, कुणी एखाद्या उरुसाच्या गर्दीत मागं राहिलेली. बहुतेकींच्या डोक्यात जखमा आणि उवा असत, म्हणून आल्या आल्या केस काढावे लागत. मग त्यांचा फोटो काढून ‘यांना ओळखता का?’ या पानावर टाकायचा, हे गजालाचं काम.

पूर्वी ते पान फार ओबडधोबड होतं. कुणाचा फोटो पोलिसाच्या मोबाइलवरचा, उभा, कुणाचा आडवा, एखादा इतका लांब की त्याच्या शेजारचं नाव भलत्याच बाईच्या खाली जाऊन बसायचं. विश्वस्तांनी सिडकोतल्या अभय नावाच्या माणसाकडून नवं पान करून घेतलं. त्यात सगळ्या चौकटींची उंची एकच. अभयनं तेव्हाच समजावून सांगितलं होतं, उंच फोटो अशा चौकटीत घालायचा तर तो दाबावा लागतो, मग माणूस बसका दिसतो. किंवा अख्खा ठेवायचा, मग तो लहान होतो आणि दोन्ही बाजूंना पांढरी जागा राहते. नाहीतर कापायचा. विश्वस्तांनी अख्ख्या फोटोंचा नमुना पाहिला आणि एक जण म्हणाले, “मधूनमधून दात पडल्यासारखं दिसतंय हो.” तेव्हा कापायचं ठरलं. पण कॉम्प्युटर आपल्या मनानं मधोमध कापायचा. कित्येक बायकांची डोकी गेली आणि नुसती पोटं राहिली. ते बघवेना, म्हणून गजाला एकेक फोटो हातानं कापू लागली.

हे तिला जमण्यासारखंच होतं. लग्नाआधीपासून ती गुलमंडीतल्या एका फोटो स्टुडिओत अल्बमचं काम करायची. नवरीच्या चेहऱ्यावरची सावली काढणं, मागं तोंड उघडं टाकून उभ्या असलेल्या कुणा पाहुण्याला नाहीसं करणं, यात तिचा हात बसलेला होता. मोबाइल आले, अल्बम गेले, स्टुडिओच्या जागी चपलांचं दुकान आलं. मग ती इथं आली.

पान पूर्ण झालं तेव्हा एका ओळीत सारख्या आकाराच्या, सारख्या भादरलेल्या डोक्यांच्या बायका दिसू लागल्या. सगळ्या जणू एकाच आईच्या लेकी. विश्वस्तांच्या बैठकीत तनुजाताईंनी तिचं नाव घेऊन कौतुक केलं. त्या संध्याकाळी गजालानं घरी जाताना नवऱ्यासाठी, मुनीबसाठी, नानखटाई नेली होती.

कडुबा आला तो माघातल्या एका सकाळी. डोक्याला टोपी, अंगात मळखाऊ रंगाचा स्वेटर, हातात कापडी पिशवी. फुलंब्रीच्या पलीकडच्या खेड्यातून रोज येऊन तो जाधववाडीच्या बाजारात हमाली करायचा. आज काम सोडून आला होता. खुर्चीच्या अगदी कडेला बसून त्यानं पिशवीतून एक फोटो काढला.

“भैन हाय. थोरली. दगडाबाई.”

कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो होता. अगदी टोकाला एक भरल्या गालांची बाई बसली होती. अंबाडा, मोठं कुंकू, हिरवं लुगडं.

“कधीपासून नाहीत?”

“लई दिस झाले. परल्या साली आयसंगं फुलंब्रीच्या बाजाराला गेली व्हती. नवऱ्यानं टाकल्यापासनं डोकं ठिकानावर नाय तिचं. आय हात धरूनच फिरायची. बांगड्या बगायला म्हनून हात सोडला आन तेवढ्यात…” त्यानं हात नुसता हवेत हलवला.

बायकांच्या खोल्यांत परक्या माणसाला फिरवायचं नाही, असा संस्थेचा नियम होता. आधी फोटो दाखवायचा आणि ओळख पटली तर मगच भेट. गजालानं पडदा त्याच्याकडे वळवला. कडुबा पुढं वाकून एकेक चेहरा बघत गेला. पहिली ओळ, दुसरी ओळ. शांताच्या चेहऱ्यावर त्याची नजर इतरांएवढीच थांबली आणि पुढं गेली.

“ह्या समद्या बगितल्यात म्या,” तो मागं टेकून म्हणाला. “राजनंदिनीनं, माज्या पोरीनं, मोबाइलवर दावल्या व्हत्या. गणपतीच्या टायमाला. पर मोबाइलवर लई बारीक दिसतंय वो. जरा मोठं करता काय?”

पानावरचा फोटो मोठा केला की फुटायचा. म्हणून गजालानं कॉम्प्युटरमध्ये ठेवलेले मूळ फोटो उघडले आणि एकेक पूर्ण पडदाभर दाखवू लागली. कुणी पलंगावर बसलेली, कुणी पोलीस चौकीच्या बाकावर. कडुबा मान हलवत राहिला. नाय. नाय. ही बी नाय.

कडुनिंबाखालची बाई आली, आणि त्याची मान हलायची थांबली.

“ही बगळी हाय,” तो म्हणाला.

गजालाला वाटलं, तो झाडावरच्या कुठल्या पाखराबद्दल बोलतोय. “काय?”

“आमची बाय. ल्हानपनापासनं आशीच हुबी ऱ्हाती, एका पायावर. नळावर पानी भराया गेली तरी आशीच. आय बगळे म्हनूनच हाक मारायची.” तो उठला, पडद्याजवळ गेला. “आन ह्यो पदर. आसा मुठीत घट धरायचा, जसा काय कुनी वढून नेनार हाय.” मग एकाएकी त्याचा आवाज खाली गेला. “जित्ती हाय का?”

“आहेत, काका. मागच्या पडवीत आहेत. आत्ता भाजी निवडत असतील.”

कडुबा परत खुर्चीवर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. गजालानं पाण्याचा ग्लास पुढं केला, तो त्यानं घेतला पण प्यायला नाही.

“आयला बी दावल्या व्हत्या ह्या समद्या,” तो म्हणाला. “तिला दिसत नव्हतं फार. मोबाइल पार नाकाला लावून एकेक बगितली. राजनंदिनीला म्हनली, परत दाव. परत बगितल्या. मंग म्हनली, ह्यात नाय माजी.”

“आई आता…”

“दिवाळीच्या आदी गेली.”

बाहेर पाण्याचा टँकर मागं घेत होते, त्याचा आवाज खोलीत येत राहिला. कडुबा पडद्याकडे बघत होता.

“म्याडम, ह्यो फोटू त्यात नव्हता काय?”

“होता,” गजाला म्हणाली. “चेहऱ्यापुरता.”

“आन बाकीचा?”

“मी कापला. चौकटीत बसत नव्हता.”

त्यानं मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली. मग, जणू तिलाच अवघडल्यातून सोडवावं म्हणून, म्हणाला, “सरकारी नियम आसंल तुमचा.”

“नाही, काका. नियम नव्हता.”

त्यानं ग्लासातलं पाणी घोटभर पिऊन ग्लास टेबलावर अगदी अलगद ठेवला.

तनुजाताईंनी शांताला ऑफिसात आणलं. ती दारात थांबली. केस बोटभर वाढले होते, पांढरे. कडुबा उभा राहिला आणि “बाय” म्हणाला, पण पुढं जाईना. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग टोपीकडे, मग पिशवीकडे. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. गजालाला वाटलं, ओळख नाही लागायची. मग ती चालत पुढं आली, भावाच्या हातातली पिशवी तिनं काढून घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली. गावाहून भाऊ आला की बहीण दारात जशी घेते, तशी. कडुबानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

संध्याकाळी घरी गजालानं मुनीबच्या ताटात भाजी वाढली आणि स्वतःचं ताट तसंच ठेवून बसली. मुनीब गुलमंडीत कापडाच्या दुकानात सेल्समन होता. दिवसभर बोलून घरी आल्यावर कमीच बोलायचा. तिनं सगळं सांगून होईपर्यंत त्यानं ऐकलं.

“माँ को दिखाया था?” त्यानं विचारलं.

“दो दफा देखी वो. मेरा काटा हुआ फोटू.”

मुनीबनं घास खाली ठेवला. ‘तुझी काय चूक’ असं तो म्हणेल, असं तिला वाटत होतं, आणि म्हणू नये असंही. तो तसं म्हणाला नाही.

“नाम क्या था माँ का?”

“नै पूछा.”

“पूछ लेना,” तो म्हणाला आणि तिचं ताट तिच्यापुढं सरकवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं कडुबाला फोन लावला. त्याच्या मागं बाजाराचा गलका होता. प्रश्न त्याला आधी कळलाच नाही. मग त्यानं सांगितलं, “साळूबाई.” आणि थोडं थांबून विचारलं, “कागदावर लिवायचं हाय का?”

“नाही. मलाच पाहिजे होतं,” गजाला म्हणाली.

दगडाबाईला घरी सोडायची परवानगी यायला वेळ लागणार होता. कमिटी, पोलिसांचा दाखला, डॉक्टरांची सही. त्या दिवसांत गजालानं तनुजाताईंकडे विषय काढला.

“सगळ्या बायकांचे फोटो अख्खे लावायचे, डोक्यापासून पायापर्यंत.”

“चौकटीची उंची वाढवायची? मग पुन्हा आधीचाच पसारा.”

“उंची तीच राहू दे. त्यातच अख्खा बसवायचा. बाजूला राहिली पांढरी जागा तर राहिली.”

तनुजाताईंनी चष्मा काढून पुसला. त्या वाईट नव्हत्या. संस्थेत धान्य संपत आलं की कुणाकुणाच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. देणारे आधी वेबसाइट बघतात, हेही. “असं करू,” त्या म्हणाल्या, “वर चेहरा, आणि त्यावर बोट दाबलं की आत पूर्ण फोटो.”

“साळूबाईंनी बोट दाबलं असतं का?”

“कोण साळूबाई?”

“शांताची आई. दगडाबाईची.”

तनुजाताईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर लावला. “बैठकीत मला बोलणी बसतील,” त्या म्हणाल्या. पण नको म्हणाल्या नाहीत.

गजालानं अभयला फोन केला. हे काम मोठं असेल, तो आढेवेढे घेईल, म्हणून तिनं बोलण्याची तयारी केली होती. तो म्हणाला, “अहो, कोडमधला एकच शब्द बदलायचाय, मॅडम. चहा पिऊन होईपर्यंत करतो.”

फोन ठेवल्यावर बराच वेळ तिचा हात फोनवरच होता.

शब्द बदलून झाला, पण पानावर चढलेले फोटो तर तिनं कापलेलेच होते. काहींचे मूळ फोटो कॉम्प्युटरवर होते. काहींचे तिनंच जागा व्हावी म्हणून काढून टाकले होते. त्या बायकांना तिनं पुन्हा एकेक करून अंगणात आणलं. नीट उभं राहा, मान वर करा, असं आता ती म्हणत नव्हती. जी जशी उभी राहील तशी. एकीला आपलं गाठोडं खाली ठेवायचं नव्हतं, तर गाठोड्यासकट. एक उभी राहीचना, उकिडवी बसून मातीत रेघोट्या ओढत राहिली, तर तशीच. दोघी मात्र मधल्या काळात वारल्या होत्या. त्यांचे चेहरेच तेवढे राहिले, मोठे, गळ्यापर्यंत.

नवं पान काही देखणं झालं नाही. कुणी चौकटीत काडीसारखी बारीक, दोन्ही बाजूंना पांढरी मोकळी जागा. कुणी आडवी पसरलेली, वरखाली मोकळी. तनुजाताई गजालाच्या खुर्चीमागं उभ्या राहून बघत होत्या. बघता बघता त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “ही डावरी आहे होय? पदर उजव्या हाताला गुंडाळून डावा मोकळा ठेवते. माझ्या कधी लक्षातच आलं नाही.” मग जरा वेळानं, “राहू दे असंच.”

फाल्गुनात परवानगी आली. घरी पोहोचवून तिथली परिस्थिती बघून यायची, तसा अहवाल द्यायचा, अशी पद्धत होती. तनुजाताई आजारी होत्या, म्हणून संस्थेच्या जीपमधून गजाला गेली. दगडाबाई खिडकीशी बसली. फुलंब्री मागं पडल्यावर ती काचेवर हात ठेवून बाहेर बघू लागली. गव्हाच्या काढण्या चालू होत्या. संस्थेत ती फारशी कधी बोलली नव्हती. औषधानं झोप लागायला लागली होती, जेवायला मागायला लागली होती, इतकंच.

“आईचं सांगितलं का त्यांना?” गजालानं हळूच न्यायला आलेल्या कडुबाला विचारलं होतं, निघण्याआधी.

“डाक्टर म्हनले, घाई करू नका. घरी गेल्यावर, हळू हळू सांगा.” मग तो म्हणाला, “आन सांगायचं कसं, त्ये बी कळंना.”

घर दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याची पडवी, सारवलेलं अंगण. कडुबाची बायको चतुराबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात थांबली होती. तिनं तुकडा ओवाळून टाकला, दगडाबाईच्या पायांवर पाणी घातलं, आणि डोळे पुसत आत वळली. कॉलेजातून आलेली राजनंदिनी आत्याकडे बघत खांबाला धरून उभी होती. शेजारच्या दोघी-तिघी बायका जमल्या, पण कुणी मोठ्यानं बोललं नाही.

दगडाबाई अंगणात थांबली. तिनं एकदा घराकडे पाहिलं, पत्र्याकडे, पडवीतल्या मोकळ्या कोपऱ्याकडे. तिथं एक बाज भिंतीला उभी करून ठेवली होती. ती बाजेपाशी गेली, दोरीवरून हात फिरवला आणि परत आली. मग कोपऱ्यातला खराटा तिनं उचलला आणि अंगण झाडू लागली. अंगण झाडलेलंच होतं. कुणी तिला अडवलं नाही. कडुबानं गजालाला बसायला सतरंजी टाकली, पण त्याचं लक्ष खराट्याच्या आवाजाकडे होतं.

झाडून झाल्यावर तिनं खराटा जागेवर ठेवला, हात पदराला पुसले. घराच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली आणि आतल्या अंधाराकडे तोंड करून म्हणाली,

“आये, च्या ठिवू का?”

आवाज घोगरा होता, पण शब्द स्पष्ट. राजनंदिनीनं ओठ दातांखाली धरला. कडुबा अर्धवट उठला आणि तसाच राहिला. शेजारणी जमिनीकडे बघू लागल्या. गजालाला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोललं पाहिजे.

आतून चतुराबाईचा आवाज आला.

“ठिवा, वन्सं. दूध हाय पातेल्यात. पाव्हण्या बी आल्यात, जरा जास्तीचा ठिवा.”

दगडाबाई उंबऱ्यावर क्षणभर थांबली. आवाज कुणाचा ते जणू कानांनी चाचपून पाहत होती. मग वाकून आत गेली. थोड्या वेळानं काडी ओढल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ भांड्यात पाणी ओतल्याचा.